गायब रेघ

तिसऱ्यांदा रेघ गायब!

संशोधक मुलीनं पानांच्या चाचणीचा फोटो टेबलावर आपटला; त्यात पानातल्या प्रत्येक प्रथिनाची एकेक रेघ उमटायची. "मॅडम, मी हात टेकले. रोगाचे जंतू टोचले की अर्ध्या तासात पानातलं हे प्रथिन दिसेनासंच होतं. माझ्याच हातून नमुना बिघडतोय. विषयच बदलते मी."

"बाकीच्या प्रथिनांच्या रेघा?"

"त्या ठणठणीत."

"म्हणजे तुझा हात निवडून एकच प्रथिन बिघडवतो? धन्य आहेस बाई!" मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "कधीच नाही आली रेघ?"

"एकदाच. काळीभोर, बघत राहावी अशी. प्रथिनं मोडू नयेत म्हणून जंतू टोचण्याआधी एका रोपाला औषध दिलं होतं, त्याच्या पानात."

"ती रोपं अजून आहेत ना? जा, बघून ये."

ती रोपांच्या खोलीत गेली. औषध दिलेलं रोप देठापर्यंत सडून कुंडीत लोळत होतं. शेजारची, रेघ हरवलेली तिन्ही रोपं मात्र ताठ उभी होती. टोचल्या जागी मोहरीएवढा डाग, बाकी हिरवीगार.

तिच्या अंगावर काटा आला. हे प्रथिन म्हणजे रोगाशी लढायच्या झाडाच्या हत्यारांवरचं कुलूप, हे तर तिला तोंडपाठ होतं. रोग अंगाला लागताच झाडानं स्वतःच घडवलेलं ते कुलूप अर्ध्या तासात स्वतःच फोडून टाकलं होतं. औषध दिलेल्या रोपाला तेवढं ते फोडता आलं नव्हतं.

रोज या रोपांना अरेतुरे करणारी ती, हळूच खाली वाकली.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही तीनदा सांगितलंत."