बैलाची झापड

इंग्रजी ‘हूडविंक’ म्हणजे डोळ्यांवर टोपडं ओढून फसवणं, आणि ही कला इंग्रजांनी जगाला दिली, असं प्राध्यापक वाकचौरे वर्गात गंभीरपणे सांगत. बहात्तरच्या दुष्काळात राहुरीजवळ त्यांनी झापड बांधलेला तेलघाण्याचा बैल पाहिला आणि ते जरा खट्टू झाले.

बैलामागून पटका बांधलेलं कुणीतरी पुरुषी, जाड आवाजात खोकत चाललं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, पटक्याखाली लंकाबाई तेलीण होती.

“धनी दिवाळीत वारलं. ह्यो त्यांच्या खोकन्यावरच चालतो,” ती कुजबुजली. “त्याला अजून सांगितलं न्हाई, सायेब. थांबला तर मला खडी फोडाया जावं लागंल.”

तेवढ्यात झापड सुटून पडली. लंकाबाईचा खोकला घशातच राहिला. बैल थांबला. मान वळवून त्यानं तिला नीट न्याहाळलं आणि पुन्हा चालू लागला.

तेल रोजच्याइतकंच निघालं.