चहाबरोबरची चूक

आजची चूक सुनेने दूध वर येईपर्यंत ठरवून टाकली. अगदी सोपी. इंग्रजीत कालची गोष्ट सांगायची आणि तिच्यात आजचं क्रियापद घालायचं. शाळेत नुकतं घातलेलं पोरही हसेल अशी चूक. तरी गॅस बंद करताना तिने ती मनात पुन्हा एकदा घोकली.

बाहेरच्या खोलीत नवरा बसला होता. त्याने आज रजा टाकली होती. उजव्या हाताला पट्टी होती. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी तापलेली इस्त्री चादरीवर तशीच आडवी टाकली आणि त्या खिडकीशी जाऊन बसल्या. ती आग विझवताना तो भाजला. माणूस वाईट नव्हता. थकला होता.

"आईला आता काही म्हणजे काही कळत नाही," तो काल म्हणाला होता. "उद्या दुपारी वृद्धाश्रमाची गाडी बोलावलीय."

"कळत नाही? माझं इंग्रजी रोज सकाळी कसं सोलून काढतात, ते तुमच्या कानावर पडत नाही वाटतं?"

तो तिच्याकडे वळला. "बरं. उद्या मी समोर बसतो. तिने तुझी चूक पकडली तर गाडी परत पाठवतो. नाही पकडली, तर तू मध्ये पडायचं नाहीस."

सासूबाईंनी शाळा चौथीतच सोडलेली. जन्म गेला इस्त्रीच्या टेबलापाशी. कपडे गुंडाळायला इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी यायची, तिच्यावरून त्यांना त्या भाषेचा नाद लागला. नोकरीसाठी नाही, कुणाला दाखवायला नाही. बरं, थोडं दाखवायलाही. मुसळधार पाऊस पडला की इंग्रजीत आभाळातून कुत्री-मांजरं पडतात, हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी हसता हसता त्यांनी एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली होती.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिला इंग्रजीचं एक वाक्य धड जमत नव्हतं. सासूबाईंनी तिला टेबलाच्या पलीकडे उभं केलं. सून कपड्यांवर पाणी शिंपडायची, सासूबाई तिच्यावर वाक्यं. चुकली की ओरडायच्या, "अगं बये, हे वाक्य आहे की बोळा केलेली विजार? पसर परत!" अशा विजारी सरळ करता करताच सून एका कचेरीत फोनवर बोलायच्या नोकरीला लागली. आता तिच्या इंग्रजीत शोधूनही सुरकुती सापडत नसे.

म्हणून तर ती मुद्दाम पाडावी लागे.

सुरुवात आपोआप झाली होती. एका सकाळी सासूबाईंनी पोटच्या मुलाला "आपण कोण?" असं विचारलं. तो चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. सून घाबरून इंग्रजीत काहीतरी चुकीचं बोलून गेली, आणि सासूबाईंनी झडप घातली. "काय बोललीस? परत बोल!" मुलाच्या जिवात जीव आला. तेव्हापासून रोज चहाबरोबर एक चूक. आधी अवघड, भल्याभल्यांना न कळणारी. मग जरा सोपी. मग आणखी सोपी. जिन्यावरून कुणाला हात धरून उतरवावं तशी सून एकेक पायरी खाली येत होती.

परवा तर घरून कचेरीशी बोलताना तोंडात बसलेली तसलीच एक चूक सुनेकडून निसटली. पलीकडून साहेब असा काही गरजला की कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनीही मान वर केली होती.

सुनेने चहा आणून ठेवला. नवरा खुर्ची पुढे ओढून बसला.

"आई," सून म्हणाली, "यस्टरडे आय गो टू द मार्केट."

सासूबाईंनी चहावर फुंकर घातली. एक घोट घेतला. साखर बरोबर होती, मान डोलावली.

 नवऱ्याने पट्टीच्या हाताने कपाळ पुसलं.

"यस्टरडे," सून पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, "आय गो टू द मार्केट, आई."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. रद्दीतल्या एखाद्या अडलेल्या शब्दाकडे पाहायच्या, तसं. बराच वेळ.

"चूक," त्या म्हणाल्या.

सुनेने डोळे मिटून घेतले.

"काय चुकलं, आई?" नवरा एकदम पुढे वाकला. त्याच्याही आवाजात आशा होती. "सांग ना. काय हवं होतं तिथे?"

सासूबाईंचे ओठ हलले. वाक्य त्यांनी मनातल्या मनात उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. मग मान हलवली. "ते नाही सापडत."

"मग चूक आहे हे कशावरून म्हणतेस?"

"माझ्याशी बोलते तेव्हा ही माझ्याकडे बघते," सासूबाई म्हणाल्या. "चूक करते तेव्हा तुझ्याकडे. पहिल्या चुकीपासून."

 सून खाली बसली.

सासूबाईंनी उरलेला चहा संपवला आणि कप सुनेच्या हातात दिला.

"माझी पिशवी भरायला घे," त्या मुलाला म्हणाल्या. "हिची जीभ बिघडायला लागलीय माझ्यापायी."