गळ्यातली डबी

सुकन्याला क्लासेससाठी नांदेडला राहून तीन वर्षं झाली, पण शहर तिनं पाहिलंच नव्हतं. तिसऱ्यांदाही मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा बाप मलप्पा उदगीरहून येऊन म्हणाला, "चल माय, फिरून येऊ." दोघांनी गुरुद्वारा पाहिला. लंगरात पोरगी पोटभर जेवली, किल्ल्याच्या बुरुजावर हसलीसुद्धा. बापाच्या जिवात जीव आला. ऊन कलल्यावर दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन टेकली. सुकन्यानं गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "अम्माला द्या." लिंगायताच्या अंगावरून लिंग जिवंतपणी उतरत नाही. परीक्षेच्या दारात तपासणीसाठी ते काढायला लावलं, तेव्हा हीच पोरगी ढसाढसा रडली होती. मलप्पानं तिचं मनगट गच्च धरलं. "गळ्यात घाल आधी." तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. "अप्पा, तुमची शेवटची बस चुकंल."