संस्थेने बंद केलेला कॅमेरा

"ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते," दुरुस्तीवालीने पडद्यावरची ओळ वाचली आणि मान वळवली. "काका, तुमची संस्था कोणती?"

"मीच," हेडक्लार्क म्हणाले. "सभासद एक. सभेला हजेरी शंभर टक्के."

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना हेडक्लार्कच म्हणत. दूधवाल्याकडूनही पावती मागणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

ब्राउझरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं बटण करडं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी एवढंसं कुलूप होतं. कितीही क्लिक केलं तरी बटण जेवणाच्या सुट्टीतल्या खिडकीसारखं ढिम्म.

"कुणी लावलं हे?"

"जावयांनी. मागे आले होते तेव्हा. सुरक्षेसाठी, म्हणाले."

"मग पासवर्ड विचारा की त्यांना."

"विचारला. त्यांच्या लक्षात नाही."

"लावायचं तेवढं बरं लक्षात राहतं," ती म्हणाली आणि पिशवीतून पेनड्राइव्ह काढला.

तिला खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी पाठवलं होतं. त्यांनाही आता सहन होत नव्हतं. हेडक्लार्कच्या परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल रविवारी चारला यायचा, तो बंद होऊन चौदा महिने झाले. दर रविवारी संध्याकाळी त्या जिन्यात विचारायच्या, "दिसली का हो लेक?" आणि हेडक्लार्क म्हणायचे, "कॅमेऱ्याला कुलूप आहे ना, वहिनी." मग त्या संगणकाला, जावयाला आणि एकूण विज्ञानाला नावं ठेवायच्या. लेकीला कधीच नाही.

आधीचे तीन दुरुस्तीवाले हात टेकून गेले होते. हेडक्लार्कनी प्रत्येकाकडून लेखी घेतलं होतं: 'पासवर्डअभावी दुरुस्ती शक्य नाही.' खाली सही, तारीख. तिन्ही कागद फाइलला लावलेले होते. त्यांनी चौथा कोरा कागद आणि पेन टेबलावर आणून ठेवलं.

"हे कशाला?"

"जमलं नाही तर लिहून द्यायला. संकोच करू नका."

"मी असलं काही लिहून देत नसते, काका. मी दुरुस्त करते."

"घाई नाही."

"साडेतीन वाजले. चारचा कॉल ना?"

"चारचा."

तिने संगणक बंद केला आणि पेनड्राइव्ह लावून भलत्याच वाटेने सुरू केला. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या.

"साधा फोन नाही करत ती?"

"तिला बघून बोलायची सवय. नुसतं 'मी बरा आहे' म्हटलेलं तिला पटत नाही. आधी कॉलर बघायची. मग दाढी. मग मागच्या भिंतीवरची जळमटं."

दुरुस्तीवालीने भिंतीकडे पाहिलं. जळमट नावाला नव्हतं. दाढी ताजी होती, सदऱ्याला इस्त्री होती.

पावणेचारला करडं बटण निळं झालं. कुलूप गेलं होतं.

"झालं," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने खात्री म्हणून आपल्या मोबाइलवरून कॉल लावला. हेडक्लार्क तिच्या मोबाइलमध्ये दिसू लागले, केस विंचरलेले, कुणीतरी जाब विचारल्यासारखा चेहरा. "आवाजही खणखणीत आहे," ती म्हणाली.

"परत नाही ना पडायचं कुलूप?"

"संगणकाच्या व्यवस्थापकाच्या खात्यातून लावलं तरच. त्या खात्याला मी हात लावलेला नाही. पासवर्ड जावयांचा आहे तसाच आहे."

"बरं केलंत."

चारला पाच कमी असताना शेजारीणबाई आपल्या घरातलं स्टूल घेऊनच वर आल्या. "मलाही बघू दे पोरीला. भाऊजी, तुम्ही मधे मधे बोलू नका, मला विचारायचंय पुष्कळ."

तिघं पडद्यासमोर बसले. चार वाजले.

"त्यांच्याकडचं घड्याळ मागे असतं ना?" पाच मिनिटांनी शेजारीणबाई म्हणाल्या.

"मागे असलं तरी पाच मिनिटं पाचच असतात," दुरुस्तीवाली म्हणाली.

सव्वाचार झाले.

"तुमचं नेट गेलं असेल."

"नेट आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. तिला आपल्या कामावर बोल आलेला खपत नसे.

"तिला कळवलेलं नाही ना कॅमेरा सुरू झाल्याचं," हेडक्लार्क म्हणाले. "तिला काय स्वप्न पडणार आहे?"

"मग आता कळवा."

"कळवतो."

कुणी हललं नाही. साडेचारला शेजारीणबाईंनी स्टूल उचललं. "चौदा महिने मी बिचाऱ्या जावयाला शिव्या घालतेय," त्या दारातून म्हणाल्या. "एवढी शिकवली, मोठी केली, आणि पोटची पोर साधं..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. जिना उतरताना पूर्ण केलं असावं, कारण हेडक्लार्क दाराशी कान देऊन उभे राहिले आणि मग खाली बघत परत आले.

दुरुस्तीवालीने पेनड्राइव्ह पिशवीत टाकला. "काका, पुढच्या रविवारी करेल ती."

"करेल ना. न करायला काय झालं?"

"काही अडलं तर बोलवा."

"काम चोख केलंत," ते म्हणाले. कोरा कागद त्यांनी पुढे केला नाही.

ती गेल्यावर ते खुर्चीत बसले. व्यवस्थापकाचं खातं उघडून त्यांनी सोळा अक्षरांचा पासवर्ड कीबोर्डकडे न बघता एका दमात टाकला, कॅमेऱ्याचं बटण करडं केलं आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून हाक दिली, "वहिनी, उगाच बोललात हो तिला. कुलूप परत पडलंय."