मोबाइलात मावेल असा फोटो

“आई, बाबा कापल्या जाऊन राहिले,” कीर्ती म्हणाली.

कौशल्याबाईंनी साडीची घडी अर्धीच सोडली. शहापूरला हायवेवर त्यांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान. रायपूरकडे जाणारे लोक गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर ‘जवळ कोसा साडी’ असं शोधत, आणि यांच्या वेबसाइटचं पान उघडेपर्यंत गाडी पुढे निघून जाई. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर मुलगा भूपेंद्र दुकान बंद करणार होता. म्हणून सून कीर्ती सकाळपासून ते पान मोबाइलसाठी नव्याने मांडत होती. अक्षरं मोठी, फोन लावायचं बटण वर, फोटो हलके.

“कायले कापते त्यायले?”

“मी नाही कापत, आई. मोबाइल अरुंद असते. तो मधला भाग ठेवते, कडा सोडून देते.”

कॉम्प्युटरवर फोटो पूर्ण होता. मध्ये मागावरची जांभळी साडी, आणि उजवीकडे कौशल्याबाईंचे यजमान मोतीलाल, विणकराच्या लांब फळीच्या अगदी टोकाला. फोटो काढताना ते नेहमी तसेच सरकून बसत. मध्ये माल, माणूस कडेला, हा त्यांचा नियम. ते गेले त्याला दोन वर्षं झाली होती.

कीर्तीने मोबाइल पुढे केला. त्यात नुसती साडी होती.

“हे नाही चालत,” कौशल्याबाई म्हणाल्या. “लोक त्यायच्या तोंडाकडे पाहून आत येत होते. त्यायले काढते तं दुकानही बंद कर.”

“बाबा असते तं त्यायनंच म्हटलं असतं, साडी दिसू दे.”

कौशल्याबाई तोंड फिरवून हायवेकडे पाहत राहिल्या.

कीर्तीने काम पुरं केलं आणि मोबाइलवर पान पुन्हा उघडलं. या वेळी ते झटकन उघडलं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

मोतीलाल दिसत होते. पूर्ण. साडीच्या मागे, मधोमध.

“मोबाइलनं आपोआप जमवलं वाटते,” ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. तिने भूपेंद्रचा जुना फोन घेतला. त्यातही तेच. मग कॉम्प्युटरकडे वळली. तिथे जागा भरपूर होती, कुणी काही कापलं नव्हतं. तरी ते फळीच्या मध्यावर बसले होते आणि फळीचं टोक रिकामं होतं.

“आई, हा फोटो काढूनच टाकू.”

“हात नको लावू.” कौशल्याबाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या. “मोबाइलसाठी नाही सरकले ते.”

“मंग कायले?”

“लगन झालं तवापासून मी म्हणत होती, एखाद्या फोटोत मले बाजूले घ्या. तं ते म्हणत, फळीवर जागा कुठी आहे?”

कीर्तीचा हात माउसवरच थांबला.

कौशल्याबाई स्टूल ओढून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर आल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, कानामागे केस सारले, आणि फोटोला बसावं तशा, न हसता, ताठ बसून राहिल्या.