गार हात

भट्टीचा भडका उडाला तेव्हा नवऱ्याची पाठ हाडापर्यंत भाजली होती. डॉक्टरांनी त्याच्याच पेशी वाढवून यंत्रावर नवी कातडी छापली आणि जखमेवर बसवली. ती अशी काही रुजली, की तो म्हणायचा, "थोबाडही छापून घ्यायला हवं होतं!" पण त्या कातडीला स्पर्श कळत नव्हता. "वर्षभरात कळला तर कळला, नंतर आशा नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज मलम चोळताना बायको विचारायची, "कळतंय का हो?" तो उशीवरच नकारार्थी मान हलवायचा. आज वर्ष भरलं. तो पालथा पडला, ती मलमाची डबी घेऊन शेजारी टेकली. झाकण घट्ट बसलं होतं. तिनं विचारायच्या आतच तो म्हणाला, "अगं, कळतंय की! किती गार हात तुझा!" तिचे दोन्ही हात अजून झाकणाशीच झटत होते. "आत्ताच भांडी घासून आलेय ना," ती म्हणाली.