जसा रंग, तसा फोटो

"नाही चाचा, हा बी गोराच आला," कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत माधवी म्हणाली. "मी जशी हाओ, तशीच पायजे."

अब्दुल रहीमने कपाळावरचा घाम पुसला. अकोल्याच्या जुन्या शहरात तीस वर्षं त्याचा स्टुडिओ होता. पोरगी काळी दाखवली म्हणून भांडायला येणारे त्याने ढिगाने पाहिले होते. गोरी दाखवली म्हणून अडून बसलेली ही पहिलीच.

तिचे वडील देवराव बाकावर टेकले होते. दोन सालं कापसाने दगा दिलेला. गावात लग्नाचा मांडव दिसेनासा झाला होता. यंदा सामुदायिक विवाहात तरी माधवीचं लग्न उरकावं, एवढीच त्यांची धडपड. मोर्शीचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा मास्तर. त्यांनी आधी फोटो मागवला होता.

"पोरीचं खरं हाय, रहीमभाई," देवराव म्हणाले. "मागच्या साली तुमचा गोरा फोटो पाहून पाहुणे आले, अन् हिले पाहून चहा न पेता उठले. मले लय लागलं ते. आता खराच पाठवू."

रहीम ओशाळला आणि मग हट्टालाच पेटला.

हा डिजिटल कॅमेरा घेऊन वर्ष झालं, तरी त्याच्याशी सूत जमत नव्हतं. मागची पांढरी भिंत धरून उजेड मोजला, की चेहरा कोळसा. नुसत्या चेहऱ्यावरून मोजला, की सावळी पोर गव्हाळ. दिसेल ते मधल्या रंगाचं करायची यंत्राला खोडच होती. शेवटी त्याने फायलीचा राखाडी पुठ्ठा तिच्या गालाशी धरून उजेड मोजला, कोरा कागद धरून रंग जुळवला. तरी निळसर झाक उरली. ती समोरच्या दुकानाच्या निळ्या ताडपत्रीची निघाली. दुकानदाराच्या विनवण्या करून त्याने ती गुंडाळायला लावली.

छापलेला फोटो त्याने माधवीच्या चेहऱ्याशेजारी धरला. तसूभर फरक नव्हता. रहीमला फार बरं वाटलं.

आठवड्याने सोयरीक जमवणारे जानराव स्टुडिओत आले.

"मोर्शीवाले नाही म्हणते," ते म्हणाले. "फोटोत इतकी सावळी, तर खरी कितीक काळी असंल, म्हणते. स्टुडिओवाला दोन रंग उजळ करतेच, हे कोणाले ठाऊक नाही?"

हा हिशेब लोकांना शिकवला कोणी? रहीमनेच, तीस वर्षं, हसतमुखाने. आणि त्याचं माप पडलं या पोरीच्या पदरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवी एकटीच दुकानात आली. त्याला मान वर करवेना.

"बेटी, माहंच चुकलं," तो म्हणाला. "बस, दुसरा काढतो. असा उजळ, का पाहुणे धावत येतीन. पैसे नको मले."

"नको चाचा, हाच पायजे," माधवी शांतपणे म्हणाली. "याच्याच पाच कॉप्या काढा. बाबा आनखी पाच ठिकानी पाठवून राहिले. त्यायचे नकार येईस्तोवर माहं बीएस्सीचं शेवटलं वर्ष निंगून जाते."